वसूलकर

वसूलकरांचं खरं आडनाव त्यांच्या दारावरच्या पितळी पाटीवर आहे. आमच्या सोसायटीत ते फक्त पोस्टमन वापरतो. हा माणूस एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या वसुली खात्यातून निवृत्त झाला आणि दुसऱ्या दिवसापासून घरी पूर्ण वेळ त्याच कामाला लागला. बँकेत ते कर्जदारांकडून पैसे वसूल करायचे, घरी वस्तूंकडून करतात. तिकिटाकडून, थाळीकडून, रेल्वेच्या पासाकडून, औषधाच्या पट्टीकडून, प्रसंगी नातवाकडूनही. एकदा दिलेला पैसा परत आलाच पाहिजे. नोटांच्या रूपात येत नसेल तर जागरणाच्या, पायपिटीच्या किंवा आंबट ढेकरांच्या रूपात यावा, पण यावा.

त्यांना कंजूष म्हटलं तर अन्याय होईल. कंजूष माणूस खिशात हात घालण्याआधी तळमळतो. वसूलकरांची तळमळ हात बाहेर आल्यावर सुरू होते. गणपतीची वर्गणी ते मागायच्या आत देतात, आणि मग दहाही दिवस दोन्ही वेळच्या आरतीला पहिल्या रांगेत उभे राहतात. देवाला वाटत असेल, काय ही भक्ती! देवाला पावती पुस्तक कुणी दाखवलेलं नाही.

अनलिमिटेड थाळीला जायचं ठरलं की त्यांच्या घरी सकाळपासून लंघन असतं. रिक्षात शेवटच्या सूचना होतात. "पुऱ्या, भात आणि फरसाण यांच्या नादी कुणी लागायचं नाही. ते पोट भरवायला मालकाने ठेवलेले असतात. ताक नको, ते पाणीच. बासुंदीपासून सुरुवात." पहिल्या वाटीला त्यांचा चेहरा प्रसन्न असतो, दुसरीला तृप्त. तिसऱ्या वाटीला ते बोलेनासे होतात. चौथी मागवताना आवाज खोल गेलेला असतो, कपाळावर घाम असतो, वाढप्याच्या डोळ्याला डोळा द्यायचं धैर्य उरलेलं नसतं, पण वाटी पुढे असते. वहिनी म्हणतात, "अहो, पुरे." त्यावर उत्तर ठरलेलं: "ताटाचे पैसे दिलेत." रात्री अडीचच्या सुमारास आमच्या डोक्यावर त्यांच्या शतपावलीचा आवाज येतो. पावलं शंभराच्या बरीच पुढे जातात.

सकाळी जिन्यात भेटले की हिशेब ऐकवतात. नुसती बासुंदीच बाहेर एवढ्याची झाली असती! रात्रीच्या पित्ताच्या गोळ्या त्या हिशेबात येत नाहीत, त्या 'औषधं' या खात्यावर पडतात. माणूस मनात अशी वेगवेगळी खाती उघडून बसतो आणि एका खात्यातला खड्डा दुसऱ्या खात्याला कळू देत नाही. रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी मिळालं, त्यात या मनातल्या खात्यांचा अभ्यासही होता. वसूलकरांची खाती तपासायला मिळाली असती तर ते थोडं आधीच मिळालं असतं.

औषधांच्या खात्यातही वसुली चालते. डॉक्टरांनी एकदा त्यांची रक्तदाबाची गोळी बदलून दिली. हे म्हणाले, "जुन्या आठ शिल्लक आहेत. त्या संपवतो, मग नवी सुरू करतो." डॉक्टरांनी जुनी पट्टी तिथल्या तिथे मागून घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली. तेव्हापासून वसूलकर दवाखान्यात जाताना पट्ट्या घरी ठेवून जातात.

चित्रपट टाकाऊ निघाला की मध्यंतरात सगळी माणसं एकमेकांकडे बघतात. वसूलकर पडद्यावरच्या जाहिराती बघतात. त्याही तिकिटातच येतात. एकदा आम्ही दोन्ही घरची माणसं बरोबर गेलो होतो. मध्यंतरापर्यंत नायकाच्या वडिलांचा खून दोनदा दाखवून झाला होता. मी म्हटलं, "निघू या. बाहेर बसून गप्पा मारू."

"आणि पैसे?"

"ते गेलेच की. बसलो काय आणि उठलो काय."

"वा! म्हणजे पैसेही घालवायचे आणि वर पिक्चरही बघायचा नाही?"

वाक्य ऐकायला इतकं रास्त होतं की मी मुकाट्याने बसलो. वहिनींनी पर्स मानेखाली घेतली आणि शेवटची नावं पडद्यावर येईपर्यंत गाढ झोपल्या. त्या दिवशी कुणाचे पैसे वसूल झाले असतील तर त्यांचे. बाकीच्यांचं गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

अर्थशास्त्रात अशा पैशाला बुडीत खर्च म्हणतात. काहीही केलं तरी जो परत येणार नाही, त्याला पुढच्या निर्णयात मत नाही, एवढाच नियम. इथून पुढे काय मिळेल आणि काय जाईल, ते बघायचं. पहिलीतल्या पोराला पटेल अशी गोष्ट. साठीतल्या माणसाला पटते, पण पाळवत नाही. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी हंगामाची तिकिटं काढायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत, म्हणजे १५ डॉलरला तिकीट दिलं. काहींना त्यात २ डॉलरची, तर काहींना ७ डॉलरची सूट दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या निम्म्या भागात पूर्ण किंमत मोजलेली मंडळी जास्त नाटकांना हजर राहिली. १९८५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. दुसऱ्या निम्म्या भागात मात्र हा फरक उरला नव्हता. ओहायोतले लोक काही महिन्यांत विसरले. वसूलकर अजून लग्नातला सफारी उसवून-शिवून घालतात, कारण त्याची शिलाई त्या काळी भारी पडली होती.

नोकरीत होते तेव्हा त्यांचा डोंबिवली-व्हीटी पहिल्या वर्गाचा त्रैमासिक पास असायचा. हा पास रविवारीही चालतो, हे एका रविवारी त्यांच्या ध्यानात आलं आणि घरातली सुट्टी संपली. पास घरात नुसता पडून राहतो म्हणजे काय? मग दर रविवारी मुंबईदर्शन. पास त्यांचा एकट्याचा. तो वाया जाऊ नये म्हणून वहिनींचं आणि दोन मुलांचं तिकीट काढलं जायचं, वर भेळ, उसाचा रस, राणीच्या बागेचं प्रवेशशुल्क. एका सोमवारी वहिनींनी आदल्या दिवशीचा खर्च कागदावर मांडून दाखवला. वसूलकरांनी तो कागद बँकेतल्या सवयीने दोनदा तपासला आणि म्हणाले, "बेरीज बरोबर आहे. पण यात माझं जाणं-येणं फुकट झालं, ते कुठे दाखवलंयस?"

आता ही वसुली तिसऱ्या पिढीपर्यंत पोचली आहे. मॉलमध्ये पोरांना उड्या मारायला जाळीचे पलंग ठेवलेले असतात, अर्ध्या तासाचे पैसे आगाऊ. वसूलकरांचा पाच वर्षांचा नातू दहा मिनिटं उड्या मारून जाळीबाहेर आला आणि बुटांत पाय घालू लागला.

"काय रे, झालं?"

"झालं."

"अजून वीस मिनिटं आहेत. जा, मार उड्या."

"कंटाळा आला, आजोबा."

"कंटाळा आला तर हळूहळू मार."

पोरगं बिचारं परत आत गेलं आणि वीस मिनिटं जाळीवर मांडी घालून बसलं. वसूलकर बाहेरून घड्याळ बघत होते. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा दोघांचाही चेहरा सुटल्यासारखा झाला.

त्या दोघांत शहाणं कोण, याचा निकाल शास्त्रज्ञांनी लावून ठेवला आहे. याच आर्क्स यांनी पीटर एटन यांच्याबरोबर १९९९ मध्ये एक निबंध लिहिला. गुंतवलेल्या श्रमापायी मूर्खासारखं अडून बसणं प्राण्यांमध्ये खात्रीने सापडत नाही, आणि लहान मुलंही मोठ्यांपेक्षा या फंदात कमी पडतात, असा त्याचा सूर आहे. मग मोठ्यांनाच ही बाधा कशी होते? त्यांचं म्हणणं, आपण मूर्ख असतो म्हणून होत नाही. आपल्याला लहानपणी एक चांगली शिकवण मिळालेली असते म्हणून होते. वाया घालवू नये! ती शिकवण ताटाला लागू आहे, तशी ती आपण तिकिटाला, शेअरला आणि आयुष्याच्या चुकलेल्या फाट्यालाही लावतो.

हे वाचल्यावर मला वसूलकरांचा राग येईनासा झाला. ते मूळचे माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात शाळकरी पोर होते. रेशनवर आलेल्या लाल मिलोच्या भाकरी त्यांनी खाल्ल्या आहेत, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जाऊन सुकडी खाल्ली आहे. त्या घरात पानात टाकलेला घास हा गुन्हा होता. पुढे नोकरी लागली, तरी देशातला बाजार काही लगेच सैल झाला नाही. बजाजची स्कूटर नोंदवली की हाती यायला वर्षानुवर्षं लागत, दहा-दहासुद्धा. वापरलेली चेतक नव्या चेतकपेक्षा महाग विकली जाई, कारण ती आज मिळे. अशा दिवसांत घेतलेली वस्तू न सोडणारा माणूस खुळा नव्हता, व्यवहारी होता. अडकवलेला पैसा तेव्हा खरोखर मोकळा व्हायचा, कधीकधी व्याजासकट. वसूलकरांचं गणित बरोबरच होतं. ते ज्या बाजारासाठी मांडलं होतं तो बाजार उठला, आणि हे कुणी त्यांना कळवलं नाही.

त्यांची चेतक अजून सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिरकी उभी आहे. तिच्या दुरुस्तीची एक वही आहे: क्लचप्लेट, कार्बोरेटर, दोनदा रंग, सीटकव्हर. मागे भंगारवाला आला. त्याने एक आकडा सांगितला. वसूलकरांनी वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. तो निम्म्यापर्यंत ऐकत राहिला, मग म्हणाला, "काका, मी गाडी घ्यायला आलोय, वही नाही." गाडी राहिली. आपली वस्तू आपल्यालाच महाग वाटते, याची परीक्षा कॉर्नेल विद्यापीठात साध्या कॉफीच्या मगांवर झाली आहे. काही विद्यार्थ्यांना मग दिले, काहींना दिले नाहीत आणि मग बाजार भरवला. थोड्या वेळापूर्वी हातात आलेला मग विकायला लोक घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागू लागले. काही मिनिटांच्या मालकीने हे होतं. चेतकला पस्तीसहून जास्त वर्षं झाली.

शेअरबाजारात वसूलकर २००८ च्या जानेवारीत उतरले. सेन्सेक्सने नुकताच २१,००० ला हात लावला होता, बँकेतला शिपाईसुद्धा दुपारी भाव विचारायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात सेन्सेक्स ९,००० च्या खाली होता. वसूलकरांकडे सात-आठ कंपन्यांचे शेअर होते. त्यांतले जे दोन सावरून वर आले, ते त्यांनी ताबडतोब विकले. "वसूल झाले, सोडून दिले." बुडालेले अजून आहेत. त्यांतल्या एका कंपनीचं कार्यालय बंद झालं आहे, दुसरीचे संचालक कोर्टाच्या तारखांना जातात. वसूलकर शांत असतात. "विकले नाहीत तोवर तोटा नाही," हा त्यांचा सिद्धान्त. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये गुंतवणूकदारांच्या याच खोडीवर बोट ठेवलं होतं: फुललेलं झाड आधी तोडायचं आणि वाळलेल्याला पाणी घालत बसायचं. पुढे टेरन्स ओडीन यांनी एका दलालपेढीतली १०,००० खाती तपासली. लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षात त्यांनी जपून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरस ठरले होते. पण शेअर विकायचा म्हणजे तोट्यावर सही करायची, आणि ती सही जड असते. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभाच हा आहे. शंभर रुपये मिळाल्याचं सुख आणि शंभर रुपये गेल्याचं दुःख यांचं वजन सारखं नसतं. दुःख साधारण दुप्पट भरतं.

वसूलकरांचं सगळ्यात मोठं खातं मात्र कर्जतच्या पुढे आहे. तिथे त्यांचा एक प्लॉट आहे. 'स्टेशनपासून दहा मिनिटं' असं माहितीपत्रकात होतं. कशाने, ते नव्हतं. प्लॉट घेतला म्हणून कुंपण घातलं. कुंपण घातलं म्हणून लोखंडी गेट बसवलं. गेट चोरीला गेलं म्हणून रखवालदार ठेवला. रखवालदाराला काम हवं म्हणून आंब्याची कलमं लावली. कलमांना पाणी हवं म्हणून बोअर मारायचं ठरलं, आणि त्या दिवशी मला साक्षीला नेलं.

पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन प्लॉटभर फिरला. बोअरची गाडी जिथे सहज उभी राहील, नेमका तिथेच नारळ उभा राहिला. गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची होती; देशभर भोकं पाडत फिरणाऱ्या गाड्यांचं ते माहेर. दर फुटाला. मशीन सुरू झाली आणि राखाडी पीठ उडायला लागलं. शंभर फुटांपर्यंत वसूलकर उत्साहात होते, दर दहा फुटांना वहीत रेघ मारत होते. दीडशेला त्यांनी रेघा थांबवल्या. दोनशेला ऑपरेटरने मशीन मंद केली आणि अंगावरची धूळ झटकत विचारलं, "साब, पूरा पत्थर है. बंद करूं?"

वसूलकर खड्ड्याशी वाकले, चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं. कोरडं ठक्क. म्हणाले, "दोनशे फूट खोदलंय. आता थांबलो तर दोनशे फुटांचे पैसे पाण्यात."

छत्री घेऊन दगडावर बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "पाण्यात गेले असते तर आणखी काय हवं होतं?"

मशीन चालू राहिली. अडीचशेला पिठाला जराशी ओल लागली. ती मशीनच्या फवाऱ्याची आहे असं ऑपरेटर सांगत होता, पण वसूलकरांनी रखवालदाराला पेढे आणायला पिटाळलं. तीनशेला परत कोरडं. "तीनशे झाले, पन्नासासाठी कशाला हात आखडायचा?" तीनशे पन्नासला थांबले, कारण गाडीवरचे रॉड संपले. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. तो किती खोलात, हे इतक्या अचूक फुटांत मोजलेलं मी प्रथमच पाहत होतो. परतीच्या गाडीत त्यांनी पेढे वाटले. घेतले होते ना.

पुढच्या उन्हाळ्यात वीस फुटांवर दुसरी बोअर मारली. पहिली कोरडी गेली म्हणून दुसरी, हे कारण मला समजलं असतं. त्यांचं कारण वेगळं होतं. "प्लॉटवर पाणी लागलंच नाही, तर पहिल्या बोअरचे पैसे फुकट गेले म्हणायचे." दुसरीला पाणी लागलं. ते जून ते सप्टेंबर येतं, म्हणजे कर्जतला आभाळातून पडायचं थांबत नाही तेव्हा. कलमं तरीही जगली, त्यांना आंबे धरतात आणि माकडं ते खातात. माकडांना कुंपणाचा खर्च ठाऊक नाही.

मी एकदा त्यांना आडून समजवायला गेलो. कॉन्कॉर्ड विमानाची गोष्ट सांगितली. ब्रिटन आणि फ्रान्सने १९६२ मध्ये करार केला. आवाजापेक्षा वेगात जाणारं प्रवासी विमान बांधायचं. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट फुगला, हे विमान धंदा म्हणून परवडायचं नाही हे वाटेतच दिसायला लागलं, तरी दोन्ही सरकारं पैसे ओतत राहिली, कारण आधी ओतलेले होते. १९७६ च्या जानेवारीत प्रवासी सेवा सुरू झाली. प्रवासी घेऊन उडाली ती फक्त चौदा विमानं, आणि २००३ मध्ये ती जमिनीवर आली ती कायमची. सेवा सुरू झाली त्याच वर्षी रिचर्ड डॉकिन्स आणि टॅम्सिन कार्लाइल या जीवशास्त्रज्ञांनी अशा हट्टाला कॉन्कॉर्डचंच नाव देऊन टाकलं.

वसूलकर संतापले. "एकाही अधिकाऱ्याने फाइलवर शेरा मारला नाही? आमच्याकडे मार्च २००४ पासून नियम आहे. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादक. मग कर्जदार सख्खा भाऊ का असेना, नवं कर्ज नाही. मी स्वतः कारखानदारांना तोंडावर सांगायचो, साहेब, जुनं वसूल करायला नवं कर्ज देणारा माणूस बँकेत नको, वेड्यांच्या इस्पितळात हवा."

"आणि घरी असं एखादं खातं असलं तर?"

"घरी कशाला असेल?" त्यांनी मला विचारलं, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर कुतूहल होतं.

मग मी कानमन यांच्या एका जाडजूड पुस्तकाचं नाव सांगितलं. कानमन यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं, २०११ मध्ये पुस्तक आलं. वसूलकरांनी ते प्रदर्शनात सवलतीत घेतलं. पन्नास पानांतच त्यांना कळलं की आपल्याला ते आवडत नाही. पण घेतलं होतं! रोज रात्री दहा पानं, औषधासारखी. बुडीत खर्चाचं प्रकरण वाचलं त्या रात्री ते पुस्तक घेऊन खाली आले. "हे प्रकरण आमच्या साडूंना वाचायला द्या. शंभर टक्के त्यांचंच वर्णन आहे." एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेही तपासलं होतं. लोकांना अशा दोषांची यादी दिली की ते दोष इतरांत भरपूर दिसतात, स्वतःत बेताचे. दोष समजावून सांगितले तरी फारसा फरक पडत नाही. साडूंचा पत्ता तेवढा बदलतो.

मागच्या दिवाळीत त्यांचे धाकटे भाऊ गावाहून मुलाला घेऊन आले. पुतण्या पाच वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससी करत होता. कॉट बेसिसवर खोली, मेस, अभ्यासिकेची फी. पूर्व निघायची, मुख्यला अडकायचं. आता मित्राबरोबर ठिबक सिंचनाची एजन्सी घ्यायचं त्याच्या मनात होतं. मीही चहाला तिथेच होतो.

"दादा, तूच सांग याला," धाकटे भाऊ म्हणाले. "पाच वर्षं घातली, एक एकर गहाण पडला. आता सोडायचं म्हणजे सगळं मातीत की."

मला वाटलं, आता पोरगं मेलं. वसूलकर त्याला सांगणार, पाच झालीत, आणखी पाच काढ, रॉड संपेपर्यंत खण.

वसूलकर सरळ बसले. आवाजही बदलला, हा बँकेतला आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. "बाळा, झालेला खर्च बाजूला ठेव. तो तुझ्या बापाचा झाला, त्याचं काय ते आम्ही दोघं भाऊ बघू. एकच सांग. आजवर एक रुपया आणि एक दिवसही गेलेला नाही असं धर. आज कुणी हा फॉर्म तुझ्यापुढे ठेवला, तर भरशील?"

पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही, काका."

"मग विषय संपला. पाच वर्षं गेली ती गंगेला मिळाली. त्यांच्यापायी सहावं घालवू नकोस." भावाकडे वळून म्हणाले, "आणि तू तोंड पाडून बसू नकोस. पोरगं हातचं जाण्यापेक्षा गेलेला पैसा बरा."

धाकट्या भावांनी उपरण्याने डोळे टिपले. मी थक्क होऊन बघत होतो. इतका लख्ख सल्ला कानमन यांनी दिला असता तर त्याची फी किती झाली असती! हा माणूस आतून सगळं जाणत होता. दुसऱ्याच्या बुडीत खात्यापुढे त्याची नजर कशी स्वच्छ होती.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन एकेकाच्या हातात कप दिला, शेवटचा नवऱ्याच्या.

"बरं, मग मला सांगा," त्या म्हणाल्या, "आज कुणी तुम्हाला तो कर्जतचा प्लॉट दाखवला, दोन बोअरी आणि माकडांसकट, तर घ्याल?"

पुतण्या खाली बघून हसला. वसूलकरांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"प्लॉटची गोष्ट वेगळी आहे," ते म्हणाले. "त्यात आपले पैसे आहेत."